फ्रीजचा सेन्सर खरंच गेलाय का, हे तो बदलण्याआधी कसं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री (आतला बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रीज. कंप्रेसर चालू-बंद होतो, डिस्प्लेवर एरर नाही, फ्रीझर ठीक. पण खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटलीत बर्फाचे कण दिसतात आणि ट्रेमधली भाजी गोठून काळी पडते. बघायला आलेल्या मेकॅनिकने 'सेन्सर गेलाय' असं सांगितलंय. बदलण्याआधी खात्री करता येईल का?

येईल, आणि करावीच. 'सेन्सर गेलाय' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं निदान आहे. भाग छोटा, बदलायला सोपा, म्हणून आधी तोच बदलून बघतात. गंमत अशी की बदलल्यावर फ्रीज दोन-चार दिवस खरंच बरा चालतो. कारण काम करताना तो तासन् तास बंद असतो, आतला साचलेला बर्फ वितळतो, हवेच्या वाटा मोकळ्या होतात. श्रेय मात्र नव्या सेन्सरला जातं. आठवड्याने तक्रार परत येते, तेव्हा 'आता बोर्ड गेला', म्हणजे फ्रीज चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं, असं ऐकायला मिळतं.

मुळात तुमच्या फ्रीजमध्ये सेन्सर आहे का, हे आधी बघून घ्या. जुन्या किंवा साध्या एकदारी फ्रीजमध्ये गोल नॉब असतो आणि तो बंदवरून पुढे फिरवताना 'टक्' असा आवाज येतो. तिथे इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतोच. बारीक धातूच्या नळीत गॅस भरलेला असतो, नळीचं टोक कूलिंग प्लेटला टेकवलेलं असतं आणि गॅसच्या दाबावर कॉन्टॅक्ट उघडतो-मिटतो. ती नळी पिचली की कॉन्टॅक्ट उघडाच राहतो आणि कंप्रेसर सुरूच होत नाही. खाली जे लिहितोय ते बोर्डवाल्या फ्रीजबद्दल आहे. तुमचा त्याच जातीचा आहे.

बोर्डवाल्या फ्रीजमधला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, इपॉक्सीत किंवा प्लास्टिकच्या टोपीत बंद केलेला एक मणी आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी. तो एनटीसी जातीचा असतो, म्हणजे थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो आणि गरम झालं की घटतो. २५ अंश सेल्सिअसला १० किलो-ओहम, ५ किलो-ओहम किंवा २.७ किलो-ओहम अशी मूल्यं नेहमी भेटतात. बोर्डावर त्याच्या जोडीला एक ठरावीक रेझिस्टर असतो, दोघांमध्ये ५ किंवा ३.३ व्होल्ट वाटले जातात आणि मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज वाचून बोर्ड तापमान ठरवतो. बोर्डाला थंडी-गरमी कळत नाही, त्याला फक्त रेझिस्टन्स कळतो. त्या रेझिस्टन्समध्ये सेन्सरबरोबरच वायर, कनेक्टर आणि मध्ये शिरलेलं पाणी हे सगळं आलं.

एरर का येत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत होतो, शॉर्ट झाली तर शून्य. दोन्ही आकडे शक्यतेच्या बाहेरचे असल्याने बोर्ड ते ओळखतो आणि कोड दाखवतो. बरेच बोर्ड अशा वेळी सेन्सरकडे दुर्लक्ष करून ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद असा कारभार चालवतात, त्यामुळे एरर असूनही फ्रीज बऱ्यापैकी थंड राहतो. पण सेन्सर पाच-सात अंशांनी चुकीचं सांगत असेल तर तो आकडा शक्यतेच्या आतलाच असतो. बोर्डाला त्यात वावगं काही दिसत नाही, तो मुकाट त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून 'एरर नाही म्हणजे सेन्सर चांगला' हे म्हणणं बरोबर नाही.

आता दिशा लक्षात घ्या, कारण निम्मं निदान मीटर (मल्टिमीटर) हातात घेण्याआधी इथेच होतं. रेझिस्टन्स असायला हवा त्यापेक्षा जास्त असेल, तर बोर्डाला वाटतं की थंडी झाली आहे. तो कूलिंग लवकर थांबवतो आणि कप्पा कोमट राहतो. रेझिस्टन्स कमी असेल तर बोर्डाला वाटतं अजून गरमच आहे, तो थंड करतच राहतो आणि माल गोठतो. तुमची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे. तेव्हा सेन्सर दोषी असेलच तर त्याचा रेझिस्टन्स कमी दिसला पाहिजे. मेकॅनिक 'रेझिस्टन्स वाढलाय' म्हणत असेल तर त्याचं निदान तुमच्या लक्षणाशी जुळत नाही, एवढं तिथल्या तिथे सांगता येतं.

मीटरच्या आधी खरं तापमान मोजा. डिस्प्लेवरचा आकडा धरू नका. बऱ्याच मॉडेलांत तो तुम्ही ठरवलेला आकडा असतो, आतलं प्रत्यक्ष तापमान नव्हे. आणि जिथे प्रत्यक्ष तापमान दाखवतात तिथे ते त्याच संशयित सेन्सरवरून घेतलेलं असतं. पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर बुडवून तो पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. हवेचं तापमान दर फेरीत वर-खाली होत असतं, पाणी त्याची सरासरी धरून ठेवतं. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास हवं. फ्रीझरसाठी थर्मामीटर गोठलेल्या दोन पाकिटांमध्ये दाबून ठेवा.

खरं तापमान कळलं की कंप्रेसर काय करतोय ते बघा. कप्पा गरम आणि कंप्रेसर अखंड चालू असेल तर सेन्सरला सोडून द्या. बोर्ड बिचारा थंड करायचा प्रयत्न करतोय, थंडी होत नाहीये. तिथे दाराचं रबर, मागची धूळ भरलेली कॉइल, आतला पंखा, बर्फाने बुजलेला इव्हॅपोरेटर (आतली थंड होणारी कॉइल) किंवा गॅस बघायचा. कप्पा गरम असूनही कंप्रेसर निवांत बंद असेल तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे, पण तेव्हा डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची फेरी) चालू नाही ना हे बघा. डीफ्रॉस्टमध्ये कंप्रेसर थांबतो, हीटर चालतो आणि हे अर्धा तास किंवा जास्तही चालू शकतं. कप्पा गरजेपेक्षा थंड आणि कंप्रेसर थांबायचं नाव घेत नसेल तर सेन्सर किंवा बोर्डावरचा चिकटलेला रिले (कंप्रेसर चालू-बंद करणारा स्विच). रिले ओळखणं सोपं आहे: पॅनेलवरून कूलिंग बंद करा. तरीही कंप्रेसर घरघरत राहिला तर रिलेचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले आहेत. इन्व्हर्टर कंप्रेसरला मात्र ही परीक्षा लावू नका. तो कमी वेगाने बराच वेळ चालणं हेच त्याचं नेहमीचं वागणं असतं.

तुमच्या फ्रीजमध्ये चौथाच प्रकार आहे. कंप्रेसर व्यवस्थित चालू-बंद होतोय, फ्रीझर ठीक आहे, फक्त खालचा कप्पा गोठतोय. दोन कप्प्यांच्या बहुतेक फ्रॉस्ट-फ्री रचनेत थंडी तयार होते एकाच कॉइलवर, वरच्या किंवा मागच्या बाजूला. फ्रीझरचा सेन्सर कंप्रेसरला हुकूम देतो, आणि खालच्या कप्प्याचा सेन्सर डॅम्पर नावाची छोटी झडप उघडतो-मिटतो. ती झडप उघडी असेल तेवढा वेळ फ्रीझरची उणे तापमानाची हवा खाली येते. म्हणजे तुमच्याकडे संशयित दोनच: खालच्या कप्प्याचा सेन्सर किंवा उघडी अडकलेली झडप. मेकॅनिकने झडप बघितली का, हे विचारा. माझा अनुभव असा की बऱ्याचदा बघितलेली नसते, कारण ती झाकणाच्या आत असते आणि झाकण काढायचा कंटाळा येतो.

झडप बघण्याची युक्ती सांगतो. खालच्या कप्प्याचं सेटिंग कमीत कमी थंडीवर करा आणि काही वेळ जाऊ द्या. मग दार उघडा आणि दाराचं बटण बोटाने दाबून धरा, नाहीतर दार उघडताच बऱ्याच फ्रीजचा पंखा थांबतो आणि तुम्हाला वाटेल हवाच येत नाही. काही मॉडेलांत बटणाऐवजी चुंबकाचा स्विच असतो, तिथे दाराच्या चुंबकाची जागा शोधून छोटं चुंबक धरावं लागतं. आता हवेच्या जाळीसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. कप्पा गोठण्याइतका थंड असताना, सेटिंग सगळ्यात खाली असताना आणि पंखा चालू असताना पट्टी फडफडत असेल, तर झडप मिटलेली नाही. यावरून फक्त 'झडप उघडी आहे' एवढंच कळतं. ती बर्फामुळे अडकली आहे की बोर्डच तिला उघडी ठेवतोय, हे पुढच्या तपासणीतून कळेल. पट्टी हलत नसेल आणि तरीही माल गोठत असेल, तर भाजीची ट्रे किंवा बाटली थेट जाळीला चिकटवून ठेवली जात नाही ना ते बघा. आणि उलटही होतं: सेन्सरच्या जाळीसमोर कुणी रोज गरम भांडं ठेवत असेल तर सेन्सर खरंच सांगतोय आणि उरलेला कप्पा उगाच गोठतोय.

आता मीटर. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. सेन्सर बोर्डाला जोडलेला असताना त्याचा रेझिस्टन्स मोजू नका, कारण बोर्डावरचा रेझिस्टर समांतर येऊन आकडा बिघडवतो. कनेक्टर बोर्डातून काढा आणि वायरीच्या बाजूने मोजा. यात सेन्सर, वायर आणि मधले जोड सगळे एकदम मोजले जातात, आणि बोर्डालाही नेमकं तेच दिसत असतं. आकडा संशयास्पद वाटला तरच पुढे सेन्सरजवळ जाऊन वेगळा मोजा. दोन आकड्यांत फरक पडला तर दोष वायरीत किंवा जोडात आहे.

इथे दोन ठिकाणी भले भले फसतात. एक, मीटरची रेंज. हाताने रेंज बदलायच्या मीटरवर २० किलो-ओहमवर काटा ठेवून थंड सेन्सर मोजला तर पडद्यावर डावीकडे नुसता '१' दिसतो. त्याचा अर्थ 'रेंजच्या बाहेर' एवढाच, पण तो '१' बघून सेन्सर ओपन (आतून तुटलेला) आहे असं जाहीर करून मोकळे होतात. १० किलो-ओहमचा चांगला सेन्सर शून्य अंशाला ३३ किलो-ओहमच्या आसपास आणि उणे १८ ला ९० च्या जवळ असतो, म्हणून २०० किलो-ओहमची रेंज लावा. दुसरं, प्रोबची दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरणं. तुमच्या अंगाचा रेझिस्टन्स समांतर लागतो, बोटं ओली असतील तर ९० चा आकडा बराच खाली येतो. शिवाय मणी चिमटीत धरलात तर तो तुमच्या बोटांच्या उबेने तापतो.

आणि आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो मुद्दा: सेन्सर फक्त खोलीच्या तापमानाला मोजून पास करू नका. सेन्सर बिघडण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत आणि त्या दोन वेगवेगळ्या टोकांना दिसतात.

पहिली तऱ्हा, कनेक्टर गंजणं. पिनांवर हिरवट थर चढतो आणि वाटेत जास्तीचा रेझिस्टन्स भरतो. समजा ३ किलो-ओहम वाढले. शून्य अंशाला ३३ चे ३६ झाले, म्हणजे पावणेदोन अंशांची चूक. खोलीत मात्र १० चे १३ दिसतात, म्हणजे सहाएक अंशांची चूक. हा दोष गरम बाजूला ठळक दिसतो.

दुसरी तऱ्हा, मण्याच्या इपॉक्सीला बारीक तडा जाऊन आत ओल शिरणं. हा मणी वर्षानुवर्षं दमट हवेत गार-गरम होत असतो. तडा असेल तर दर फेरीत थोडी वाफ आत ओढली जाते, आणि त्या ओलीतून दोन तारांच्या मध्ये विजेला एक चोरवाट मिळते. समजा ती वाट १०० किलो-ओहमची आहे. खोलीत मोजलंत तर १० च्या जागी ९.१ दिसेल, दोनच अंशांचा फरक. कुणीही म्हणेल सेन्सर चांगला आहे. तोच सेन्सर २ अंशांच्या कप्प्यात असताना ३० च्या जागी २३ दाखवतो आणि बोर्डाला तो कप्पा ७ अंशांचा वाटतो. उणे १८ च्या फ्रीझरमध्ये तर तो उणे ७ वाटेल. मण्याचा स्वतःचा रेझिस्टन्स जितका वाढतो तितकी त्या चोरवाटेची मातब्बरी वाढते. रेझिस्टन्स कमी, बोर्डाला गरम वाटणं, माल गोठणं: तुमच्या लक्षणाशी हे तंतोतंत जुळतं. वर हा सेन्सर काढून टेबलावर तासभर ठेवला की ओल सुकते आणि तो आणखीच निर्दोष दिसतो. ड्रायर मारून 'गरम केल्यावर आकडा उतरतो, म्हणजे ठीक आहे' असं बघणारे तर पुरावाच वाळवून टाकतात.

म्हणून बर्फाच्या पाण्यात मोजा. बर्फ बारीक फोडा, भांडं त्याने गच्च भरा आणि फटी भरतील इतकंच पाणी ओता. चार खडे तरंगणारं पाणी चालत नाही, त्याचं तापमान शून्य नसतं. नुसता कोरडा बर्फाचा चुराही चालत नाही, फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. बर्फ आणि पाणी एकत्र असेल आणि ते ढवळत राहिलात तर मात्र शून्य अंश हमखास मिळतो, थर्मामीटर नसला तरी. सेन्सरचं डोकं आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बुडवा, कनेक्टर कोरडा बाहेर ठेवा, दहा मिनिटं थांबा, आकडा हलायचा थांबला की टिपा. मग पिशवी काढून तसंच बुडवा आणि पंधरा-वीस मिनिटं बघत राहा. चांगल्या सेन्सरचा आकडा दोन्ही वेळा जवळजवळ सारखा राहतो. पिशवी काढल्यावर तो हळूहळू घसरायला लागला तर पाणी आत जातंय.

शून्य अंशाला १० किलो-ओहमवाला साधारण ३२ ते ३४ दाखवतो, ५ वाला साडेसोळाच्या आसपास, २.७ वाला ८ ते ९. तुमच्या मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता हाती लागला तर तोच प्रमाण माना. तक्ता नसेल तर गुणोत्तर बघा: शून्याचा आकडा हा २५ अंशांच्या आकड्याच्या तीन ते साडेतीन पट असावा. खोली ३० अंशांवर असेल तर १० वाल्या सेन्सरचा आकडा ८ दिसतो, तो बिघाड समजू नका. फरकाचं मोजमापही ध्यानात ठेवा. शून्याजवळ एका अंशाला साधारण ५ टक्के बदल होतो, तेव्हा १० टक्क्यांची चूक म्हणजे दोन अंश. त्याहून कमी फरकासाठी सेन्सर बदलण्यात अर्थ नाही, तुमच्या थर्मामीटरचीच चूक तेवढी असू शकते.

काही फ्रीजमध्ये सेन्सरची वायर थेट फोममध्ये जाते, तो बाहेर निघत नाही. तिथे बर्फ-पाण्याची छोटी पिशवी सेन्सरभोवती दाबून धरा आणि बोर्डाकडच्या कनेक्टरवर मोजा. हे काम दोघांनी करायचं.

ओल आत गेली आहे का, याची आणखी थेट परीक्षा आहे, आणि ती फारसं कुणी करत नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. सेन्सरचं फक्त डोकं त्यात बुडवा. मीटर सगळ्यात वरच्या ओहम रेंजवर ठेवा, एक प्रोब सेन्सरच्या कुठल्याही एका वायरीला लावा, दुसरा नुसता पाण्यात सोडा. मणी नीट बंद असेल तर मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही शे किलो-ओहम, अगदी एखादा मेगाओहम दिसला तरी इपॉक्सी फुटली आहे, आणि मग बाकी आकडे कितीही छान आले तरी तो सेन्सर परत बसवू नका. ही परीक्षा सगळ्यात शेवटी करा, कारण एकदा मिठाचं पाणी आत गेलं की तो कामातून गेलाच.

सेन्सर पास झाला तर वायर हलवून बघा. मीटर लावलेला ठेवून वायर ठिकठिकाणी वाकवा, विशेषतः बिजागरीतून जाणारी असेल तिथे आणि जोडांपाशी. आकडा उडी मारत असेल तर तुटका धागा तिथे आहे.

यानंतर बोर्डाची बाजू. इथे कुणी चालू बोर्डावर व्होल्टेज मोजायला सांगेल. ज्याला बोर्डाची माहिती नाही त्याने ते करू नये. पुष्कळ फ्रीजच्या बोर्डांत ५ व्होल्टची बाजू मेन्सपासून (घरातल्या मुख्य विजेपासून) वेगळी केलेली नसते. म्हणजे मीटरवर ५ व्होल्ट दिसत असले तरी त्याच तारेला हात लागल्यावर मेन्सचा झटका बसतो. याच कारणाने फ्रीज चालू असताना सेन्सरच्या उघड्या तारांनाही हात लावायचा नाही.

त्यापेक्षा बोर्डाला खोटा सेन्सर द्या. प्लग काढून, सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये एक साधा रेझिस्टर बसवा, त्यावर इन्सुलेशनची नळी चढवा, मग चालू करा. १० किलो-ओहमवाल्या रचनेत ३३ किलो-ओहम लावला की बोर्डाला शून्य अंश दिसायला हवेत, ५ वाल्यात १६ किंवा १८ चालेल. खालच्या कप्प्याचा सेन्सर असेल तर शून्य अंश दिसताच बोर्डाने झडप मिटायला हवी. कान लावलात तर तिच्या मोटरची हलकी कुरकुर ऐकू येते. कागदाची पट्टी पुन्हा धरून बघा. मग प्लग काढून १० किलो-ओहम लावा, म्हणजे २५ अंश. आता झडप उघडायला हवी. फ्रीझरच्या सेन्सरवर हा प्रयोग करत असाल तर कंप्रेसर लगेच सुरू झाला नाही म्हणून घाबरू नका, बंद-चालूनंतर त्याला काही मिनिटांचा विलंब मुद्दाम दिलेला असतो.

शून्य अंश दाखवूनही झडप मिटली नाही तर सेन्सरचा संबंध संपला. झाकण काढून झडपेच्या कडेला बर्फ आहे का बघा. असेल तर वितळवा, टोकदार वस्तूने खरवडू नका. आता बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असतो आणि पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्या भोसकायला सुरीचं टोक पुरतं. बर्फ नसेल आणि झडप तरीही ढिम्म असेल तर तिची मोटर गेली किंवा बोर्ड तिला हुकूमच देत नाही.

डीफ्रॉस्टच्या सेन्सरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या उलट तक्रारीत, म्हणजे फ्रीझर थंड पण खालचा कप्पा कोमट, तोच बहुधा विसरला जातो. हा सेन्सर कॉइलला क्लिपने लावलेला असतो आणि हीटर कधी थांबवायचा ते सांगतो. यातही ओल शिरते. मग तो कॉइल गरम झाल्याचं लवकरच सांगून मोकळा होतो, हीटर अर्ध्यात बंद पडतो आणि उरलेल्या बर्फावर पुढचा बर्फ चढतो. काही दिवसांत कॉइल पांढऱ्या भिंतीसारखी होते, खाली हवा येईनाशी होते. लोक खालच्या कप्प्याचा सेन्सर बदलत बसतात. मागचं झाकण उघडून बर्फ बघितला तरी उलगडा होतो: सगळ्या कॉइलवर सारखा जाड बर्फ म्हणजे डीफ्रॉस्टचा दोष, फक्त सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवर बर्फ आणि बाकी कोरडं म्हणजे गॅस कमी. गॅसची शंका असेल तर तिथे ड्रायर किंवा ठिणगी उडेल असं काहीही चालवू नका.

नवा सेन्सर घेताना २५ अंशांचं मूल्य जुळलं म्हणजे झालं असं समजू नका. तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती वेगाने बदलतो, ज्याला बीटा म्हणतात, तोही तोच हवा. नाहीतर खोलीत बरोबर आणि फ्रीझरमध्ये तीन-चार अंश चूक. मॉडेल नंबरवरून मूळ भागच घेणं शहाणपणाचं, आणि बसवण्याआधी त्यालाही बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. नवा भागही सदोष निघू शकतो. वायर कापून जोडावी लागली तर पीळ मारून टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या गंजाची सोय. सोल्डर करा, आत गोंद असलेली आकसणारी नळी चढवा आणि दोन जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, पुढे-मागे ठेवा. जोडाच्या अलीकडे वायरीला खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी जोडापर्यंत पोचण्याआधी तिथून टपकेल. या सेन्सरला उलट-सुलट नसतं, कुठलीही वायर कुठेही चालते. जागा मात्र मूळचीच ठेवा. हवेचा सेन्सर भिंतीला टेकला तर भिंतीचं तापमान सांगतो, आणि कॉइलचा सेन्सर क्लिपमधून सुटला तर हवेचं.

बसवल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, मगच सेटिंगला हात लावा. दर तासाला दार उघडून बघणाऱ्याला खरं तापमान कधीच मिळत नाही. सेन्सर नवा, वायर ठीक, झडप मोकळी आणि खोट्या रेझिस्टरलाही बोर्ड चुकीचाच प्रतिसाद देत असेल, तर बोर्डावरचा त्या सेन्सरच्या वाटेतला जोडीचा रेझिस्टर किंवा तिथला छोटा कपॅसिटर बिघडलेला असतो. अख्खा बोर्ड बदलण्याआधी तो बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला द्या आणि कुठल्या कनेक्टरवर किती किलो-ओहम लावल्यावर काय झालं, हे एका कागदावर लिहून सोबत द्या. त्याचं अर्धं काम तिथेच वाचतं.